सोबती पाचगणीला कशी पोचली

मुथाशेठ गाडीत बसले आणि गाडी डाव्या अंगाला कलली. मग दुसऱ्या दाराने बँकेचे पाटसकरसाहेब आत शिरले, तेव्हा ती पुन्हा सरळ झाली. पण सरळ होता होता चांगली चार बोटं खाली बसली. आदल्या दिवशी मागचं चाक आणि मडगार्ड यांच्यामधून माझा अख्खा पंजा जात होता. आता करंगळीसुद्धा गेली नसती.

पुढच्या सीटवर बसायला आमचे मालक निघाले. भाऊसाहेब जगदाळे. त्यांचं वजन मला माहीत नव्हतं. कारखान्यातल्या झाडून सगळ्यांची वजनं मी केली होती, पण भाऊसाहेबांना काट्यावर उभे राहा म्हणायची माझी छाती झाली नव्हती. नजरेने तोललं तर नव्वदच्या पुढेच.

"काय गुळवणी, चाकाकडे काय बघत बसलाय?"

"हवा बघत होतो भाऊसाहेब."

"हवा आज आपलीच आहे!" असं म्हणून ते बसले, आणि स्टिअरिंगपाशी बसलेल्या ज्योतीराम सणसांनी गाडीच्या एकुलत्या एक आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत शिवी नव्हती. असती तर बरं झालं असतं.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. वाईच्या बाहेर भाऊसाहेबांचा इंजिनांचा कारखाना होता. विहिरीवरच्या पंपाची इंजिनं बनवता बनवता भाऊसाहेबांच्या मनात आलं, की आपण साध्या माणसाला परवडेल अशी मोटार काढावी. स्कूटरवर पुढे एक पोर, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं पोर अशी कसरत करत जाणारा जो माणूस असतो, त्याची मोटार. विचार सोन्यासारखा होता, हे मी आजही म्हणतो. गाडीचं नाव ठेवलं सोबती. इंजिन आमच्याच पंपाचं, गियरबॉक्स एका बंद पडलेल्या तीनचाकी टेंपो कंपनीकडून एकगठ्ठा घेतलेला, आणि बाकी जे काही लागेल ते न लावता कसं भागेल, याचा शोध घ्यायला आम्ही अकरा इंजिनियर.

या शोधाची एक रीतच पडून गेली होती. दर सोमवारी सकाळी दहा वाजता सभागृहात टेबलावर पितळेची एक परात मांडली जायची. प्रत्येकाने आठवड्याभरात गाडीतून जो भाग काढला असेल तो आणून परातीत ठेवायचा, आणि तो नसला तरी गाडी कशी चालते ते सांगायचं. सगळ्यांत जास्त काढणाऱ्याचा शाल आणि नारळ देऊन सत्कार. पहिल्या सोमवारी परातीत डाव्या बाजूचा आरसा आला. मग दुसरा वायपर आला. मग डिकीचं कुलूप आलं, आणि पुढच्या सोमवारी डिकीचं दारच आलं, तेव्हा टाळ्या थांबेनात. चाकाला चार नट होते, त्यातला एक गेला. पेट्रोलचा काटा गेला आणि त्याच्या जागी टाकीत बुडवून बघायला एक गज आला. कुणीतरी हौसेने हॉर्न आणला, तेव्हा मात्र भाऊसाहेब कडाडले. म्हणाले, "हॉर्न काढाल तर माणूस गाडी घेईलच कशाला?"

गियरबॉक्समध्ये पुढे जायचे चार गियर होते. त्यातला पहिला एका हुशार माणसाने परातीत आणून ठेवला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणायचं ठरलं. मागे जायच्या गियरला मात्र कुणी हात लावला नाही. तो टेंपोचा होता तसाच राहिला. मागे जाणं हा आमच्या विचाराचा विषयच नव्हता.

मी सगळ्यांत धाकटा. मिरजेहून आलेला, एक वर्षाच्या प्रोबेशनवर, चाचणी विभागात. आता चाचणी विभागाने काय काढायचं? आमच्या हातात गाडीचा कुठलाच भाग नव्हता. सोमवारमागून सोमवार मी रिकाम्या हाताने जात होतो. माझ्याआधी त्या जागेवर दोघे होते, त्या दोघांनाही वर्ष संपता संपता निरोप मिळाला होता. त्यातून मिरजेला मीनाक्षीच्या वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "नोकरी पक्की झाली की पत्र टाका, मग तारीख काढू." तेव्हा मला पक्कं व्हायचं होतं. कसंही करून पक्कं व्हायचं होतं.

आणि आमची गाडी पसरणीचा घाट चढत नव्हती.

चाचणीची पद्धत अशी. ड्रायव्हर ज्योतीराम सणस, आणि बाकीच्या तीन माणसांच्या जागी पासष्ट-पासष्ट किलोची वाळूची पोती. पट्ट्याने बांधलेली. मी मागून स्कूटरवर, वहीत नोंदी करत. ज्योतीराम पन्नाशीचे, एसटीत बावीस वर्षं काढलेले. हाच घाट त्यांनी हजारो वेळा चढला-उतरला होता. भाऊसाहेबांनी स्वतः घरी जाऊन मागणी घातली म्हणून त्यांनी एसटी सोडली होती. मी त्यांना तात्या म्हणायचो. आमची गाडी तिसऱ्या वळणाला हटकून थांबायची. तात्या खाली उतरून चाकामागे दगड लावायचे, बिडी पेटवायचे आणि म्हणायचे, "विंजान बिचारं करंल तरी काय? पानी उपसन्यात जलम काढलेलं, त्याला मानसं वढाय लावल्याती."

मी सुचवलं, काढलेला पहिला गियर परत बसवावा. भाऊसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घरात आलेल्या सुनेला माहेरी पाठवा म्हणालो. "परातीत आलेली वस्तू परत जात नाही, गुळवणी. दुसरं काहीतरी काढा."

मग मी डोकं लढवलं. पासष्ट किलो हा आकडा आला कुठून? विलायतेतून. तिथली माणसं लोणी खातात. आपलं गिऱ्हाईक कोण? साधा माणूस. साधा माणूस कुठे मिळेल? आमच्याच कँटीनच्या रांगेत. स्टोअरमधला ओतीव माल तोलायचा काटा आणून मी कँटीनच्या दारात ठेवला, आणि तीन दिवस जेवायला येणारा प्रत्येक माणूस तोलला. जेवणाआधी तोलला, हेही सांगून टाकतो. फाउंड्रीवाले, हमाल, झाडूवाल्या बायका. तीनशे बारा माणसं. सरासरी आली अठ्ठेचाळीस किलो.

त्या सोमवारी मी परातीत काहीच ठेवलं नाही, फक्त एक कागद ठेवला. म्हणालो, "भाऊसाहेब, मी माणशी सतरा किलो काढले."

"कशातून?"

"गिऱ्हाइकातून."

सभागृहात टाळ्यांचा पाऊस पडला. भाऊसाहेबांनी स्वतःच्या हाताने शाल घातली. पोत्यांतून वाळू उपसली गेली, आणि त्याच आठवड्यात सोबती धापा टाकत का होईना, घाट चढून पाचगणीला पोचली. मी वहीत लिहिलं: चौघांसह चढण पार.

तात्यांना मी शाल मिळाल्याचा पेढा द्यायला गेलो. त्यांनी तो घेतला, पण खाल्ला नाही.

"साहेब, येक इचारू? मोटार घेतल्याव मानूस असाच वाळका ऱ्हाईल व्हय?"

"म्हणजे?"

"मोटार घिनारा म्हंजी घरात दोन पैकं आल्यालं. दूधदुभतं आलं. त्याची सासू यील, तिच्यासंगं तांदळाचं गाठुडं यील. त्यो कँटीनच्या रांगंत नसतोय."

"तात्या, आकडे आकडे असतात," मी म्हणालो. चोवीस वर्षांच्या माणसाला असली वाक्यं फार शोभतात असं वाटतं.

"असत्याल बा," तात्या म्हणाले आणि पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

आणि मग तो दिवस आला. कारखाना वाढवायला बँकेची मदत हवी होती आणि गाड्या विकायला पुण्याचे मुथाशेठ हवे होते. भाऊसाहेबांनी दोघांना जेवायला बोलावलं, पुरणपोळीचं जेवण घातलं, आणि वर सांगितलं, "चला, चौघं बसून पाचगणीला चहा प्यायला जाऊ. आमच्या पोरांनी चौघांची चाचणी केली आहे." चौघांची चाचणी, हे शब्द माझ्या वहीतले होते.

मी स्कूटरवर मागे निघालो. पहिलं वळण गेलं. दुसरं वळण गेलं, पण गाडीचा आवाज बदलला. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे सोबती थांबली. नुसती थांबली नाही, वीतभर मागे आली. मी स्कूटर टाकून धावलो आणि चाकामागे दगड लावला.

"काय झालं रे?" आतून भाऊसाहेबांचा आवाज.

"काय न्हाय साहेब," तात्या म्हणाले. "विंजान जरा तापलंय. वारं दाखवून घितो." खाली उतरून त्यांनी बॉनेट उघडलं आणि मला खुणेने बोलावलं. बॉनेटच्या आडोशाला आम्ही दोघं वाकलो. इंजिन तापलं नव्हतं. तात्यांनी मला वाचवायला थाप मारली होती.

"आता वो?"

"तुम्हीच सांगा तात्या."

"खरं काय त्ये बोलायचं. दोघास्नी खाली उतरवायचं, म्हनायचं वळान वलांडून बसा. हाय काय त्यात?"

"तसं केलं तर माझं संपलं. चौघांची चाचणी केली असं मी लिहून दिलंय. या महिन्यात माझं वर्ष संपतं तात्या."

खाली दरीत धोम धरणाचं पाणी चमकत होतं. मला त्या पाण्यात उडी घ्यावीशी वाटली आणि त्याच वेळी एक गोष्ट आठवली. कारखान्यात माल चढवायच्या उतारावरून तात्या सोबती नेहमी उलटी वर चढवत. भरलेली, ओतीव मालाने लादलेली.

"तात्या, रिव्हर्सला चढेल?"

"रिव्हर्सला हत्ती बशीव म्हनावं. टेंपोचा गियर त्यो. पर साहेब, भाऊसाहेबास्नी उलटं न्यायचं पाचगनीला? पावन्यांसकट?"

"न्या."

"तुमी सांगताय?"

"मी सांगतो."

"बगा हां. तुमी सांगितलं म्हंजी तुमी सांगितलं."

"हो म्हणतोय ना! घाला रिव्हर्स."

तात्यांनी बॉनेट लावलं, गाडीत बसले आणि दोन-तीन झटक्यांत गाडी रस्त्यात वळवली. वाईकडे तोंड, पाचगणीकडे पाठ. भाऊसाहेबांना वाटलं, परत चाललो. ते काही बोलणार, तेवढ्यात सोबती गुरगुरली आणि मोठ्या ऐटीत, पाठ पुढे करून घाट चढू लागली. असा दम तिने आयुष्यात कधी दाखवला नव्हता. तात्या मान मागे वळवून, एक हात सीटवर टाकून, एसटीच्या शिस्तीत एकेक वळण घेत होते.

पुढच्या वळणापासून आमच्यामागे एक एसटी लागली. मागे म्हणजे कशी, तर गाडीच्या तोंडासमोर. मी मधून बाजूला झालो, आणि एसटीचा ड्रायव्हर आणि भाऊसाहेब असे समोरासमोर आले, चार हातांच्या अंतरावर. घाट संपेपर्यंत ते तसेच राहिले. बसमध्ये कोरेगावकडच्या कुठल्या शाळेची सहल होती. पोरं खिडक्यांतून निम्मी बाहेर आली आणि "उलटी मोटार! उलटी मोटार!" म्हणून ताल धरून ओरडू लागली. भाऊसाहेबांनी आधी सवयीने हात वर करून नमस्कार केला. मग त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

अशा रीतीने सोबती चौघांसह पाचगणीला पोचली. मागे बसलेले पाटसकरसाहेब आणि मुथाशेठ आधी पोचले, आणि पुढच्या सीटवरचे भाऊसाहेब सगळ्यांत शेवटी. बाजारपेठेत करवंदं विकणाऱ्या एका बाईने पाटी खाली ठेवून विचारलं, "कुनाचं काय हरावलं म्हनायचं? मागं मागं बगत आलाय त्ये?"

हॉटेलात चहा आला. पाटसकरसाहेब रुमालाने डोळे पुसत होते. हसून हसून त्यांना पाणी आलं होतं. मुथाशेठ मात्र गंभीर होते. ते म्हणाले, "भाऊसाहेब, एक शंका आहे. गिऱ्हाइकाला हे दुकानात सांगायचं, की घाटात गेल्यावर त्याचं त्याला कळेल?"

भाऊसाहेबांच्या कपाळाची शीर टरारली होती. त्यांनी मला आणि तात्यांना टेबलापाशी बोलावलं. पाहुण्यांच्या देखत.

"हे डोकं कुणाचं?"

मी टेबलावरच्या कपाकडे बघत राहिलो.

"गुळवणी, गाडीत काही दोष आहे?"

"नाही भाऊसाहेब."

"चौघांची चाचणी झाली आहे ना?"

"झाली आहे."

"मग उलटी घ्या म्हणून कुणी सांगितलं?"

मला आजही ती खोली दिसते. मी म्हणालो, "मी स्कूटरवर मागे होतो भाऊसाहेब." यातला शब्द न् शब्द खरा होता. मी तसाच हुशार होतो.

तात्या माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. माझं वाक्य अजून संपलेलं नाही असं समजून, ते संपायची वाट बघत होते. मग टोपी काढून म्हणाले, "माजंच डोकं, साहेब."

"एसटीची मस्ती अजून गेली नाही तुझी. किल्ली ठेव इथं. उद्यापासून यायचं नाही."

तात्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. सगळ्यांना नमस्कार केला, मलाही केला, आणि बाहेर पडले. बावीस वर्षांची सरकारी नोकरी सोडून आलेला माणूस तो. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, असं मी पुढे मीनाक्षीला सांगितलं. पण ते खोटं आहे. जीभ मोकळी होती. मी ती हलवली नाही.

"गुळवणी, आता उतरताना तुम्ही चालवा," भाऊसाहेब म्हणाले.

हे ऐकताच पाटसकरसाहेबांना वाईच्या शाखेत काम असल्याचं आठवलं आणि एसटीने गेलेलं बरं पडेल असं वाटलं. मुथाशेठ म्हणाले, त्यांना एसटीची लहानपणापासून आवड आहे. भाऊसाहेबांनी एकदा सोबतीकडे पाहिलं, एकदा घाटाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पाहुण्यांना एकटं सोडणं बरं दिसत नाही." साध्या माणसाची मोटार साध्या माणसासाठी रस्त्यात ठेवून तिघेही स्टँडकडे चालू लागले.

मी स्कूटर हॉटेलापाशीच सोडून गाडी हळूहळू स्टँडपर्यंत आणली. वाईची बस लागलेली होती आणि खच्चून भरली होती. पुढच्या बाकावर, दाराजवळ तात्या बसले होते. कंडक्टर त्यांच्या ओळखीचा असणार. भाऊसाहेब धापा टाकत आत चढले, उभं राहायला दांडी शोधू लागले. तात्या उठले. त्यांनी बाकावरची धूळ हाताने झटकली आणि भाऊसाहेबांना जागा दिली. भाऊसाहेब बसले. कोण उठलं ते त्यांनी वर बघितलंही नाही.

मला वाटलं, तात्यांनी मला पाहू नये. पण ते बसमधून उतरले आणि सरळ माझ्या खिडकीशी आले. आता ते मला काय बोलतात ते ऐकायची मी तयारी केली. दोन शिव्या बसल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो.

"साहेब, दुसऱ्यातच ठिवा," ते म्हणाले. "ब्रेकवर इसंबू नगा. त्येच्या पट्ट्या पातळ केल्याती मागल्या सोमवारी. तिसऱ्या वळनाच्या आदीच येग मारून ठिवा, वळनात पाय लावू नगा. घरची मानसं वाट बगत असत्याल तुमची."

"तात्या, मी..."

"बस सुटंल माजी," ते म्हणाले आणि पळत जाऊन दांडीला धरून उभे राहिले.

मी दुसऱ्या गियरमध्ये उतरलो. त्यांनी सांगितलं होतं तसंच, वळणात पाय न लावता. ब्रेक खरोखरच लागत नव्हते. नुसत्या ब्रेकवर उतरलो असतो तर धोमच्या पाण्यात गेलो असतो. अख्खा घाट मी रडत होतो, आणि रडता रडता एकीकडे हेही मनात येत होतं, की एकटा माणूस असला तर गाडी काय छान चालते.

सोमवारी परात मांडली होती. भाऊसाहेब नेहमीपेक्षा प्रसन्न होते. म्हणाले, "परवाच्या प्रकारातून एक गोष्ट कळली. आपला रिव्हर्स गियर गरजेपेक्षा फार दांडगा आहे. तो असा आहे म्हणून ड्रायव्हरच्या मनात नाही ते येतं. गुळवणी, तो हलका करा. म्हणजे पुन्हा कुणाला असलं काही सुचायला नको."

त्या कामाच्या कागदाबरोबरच मला पक्कं केल्याचं पत्र मिळालं. मी ते दुपारच्या टपालाने मिरजेला कळवलं, आणि शनिवारपर्यंत तो गियर काढून, त्या जागी हलका बसवून, जुना परातीसाठी तयार ठेवला. त्यानंतर चौघा खऱ्या माणसांना घेऊन सोबती पसरणीचा घाट पुढूनही चढेना आणि मागूनही चढेना. पुढची दोन वर्षं कारखान्यात कुणालाच कळत नव्हतं की आता काय करावं. मला ठाऊक होतं, कुणाला विचारायला हवं ते. तो माणूस वाईच्या स्टँडवर दुसऱ्याची जीप चालवत होता. मी रोज समोरून जात होतो. पण तोवर मी पर्मनंट झालो होतो.